यमकातला घोडा

धुळ्यात माझ्या खोलीच्या मागे एका सरकारी कचेरीची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कुणीच न लावलेल्या सुबाभळी. चैत्र निम्मा सरला की त्या वाजायला लागतात. पानं थोडी, शेंगा फार. चपट्या, तपकिरी, वाळून कागद झालेल्या. दुपारी पश्चिमेचा झोत आला की साऱ्या शेंगा एकदम खुळखुळतात आणि नवख्या माणसाला वाटतं, पाऊस आला. आमच्या घरमालकीणबाई इथे राहायला आल्या त्या वर्षी गच्चीवरच्या कुरडया उचलायला धावल्या होत्या, असं त्या स्वतःच हसत सांगतात. मला त्या आवाजाने पाऊस आठवत नाही. मला एका घोडीची शेपटी आठवते.

आमचं गाव अमळनेरला लागूनच, बोरी नदीच्या अंगाला. वडील अमळनेरात तेलाच्या एका गिरणीत कामाला होते. घरात पुस्तकं चार आणि वडिलांनी वाटायला आणलेली पत्रकं पोतंभर. फळीवर डब्यांखाली पत्रकं, आरशामागे पत्रकं, पापड वाळवायच्या खाटेवर चादरीखाली पत्रकं. पाण्याच्या पाळ्यांची, बियाण्याच्या फसवणुकीची, दारूच्या दुकानाविरुद्धची. गुलाबी, पिवळी, पोपटी. ‘बंधू-भगिनींनो’ हा शब्द मी माझ्या नावाआधी वाचायला शिकले. उद्गारचिन्ह हे मला बरीच वर्षं बाराखडीतलंच एक अक्षर वाटायचं. लोक मला विचारतात, तुझ्या लिहिण्यात एवढा जाळ का? अहो, मी आईच्या हातची भाकरी खाल्ली ती पत्रकावर ठेवून खाल्ली. शाई पोटात गेली असणार.

पत्रकाची मला आजही लाज वाटत नाही. पुस्तक लिहिणारा कुठल्या गावचा, वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. पत्रकाचं तसं नसतं. एक माणूस एसटी स्टँडवर उन्हात उभा राहून दुसऱ्याच्या हातात कागद देतो. देणाऱ्याचं तोंड समोर असतं. उद्या कागद खोटा निघाला तर घेणाऱ्याला ते तोंड शोधता येतं.

माझं तोंड शोधणं तर फारच सोपं होतं. खाली नाव होतं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी एक पत्रक काढलं. लिहिलं मी. मथळा: ‘हवेतलं खत’. विषय साधा आणि मोठा. पिकाला लागणारं नत्र म्हणजे युरियाच्या गोणीत जे असतं तेच. ते आपल्या डोक्यावरच्या हवेत भरून राहिलेलं आहे. पिकाला ते तसंच घेता येत नाही. पण बाभळीच्या, शेवरीच्या, सुबाभळीच्या कुळातली झाडं मुळांवर छोट्या गाठी धरतात, गाठींत जिवाणू राहतात, आणि ते जिवाणू हवेतलं नत्र मातीत उतरवतात. धूर नाही, कारखाना नाही, रांग नाही. हे कळलं तेव्हा मला रात्रभर ताप यायचा तेवढा बाकी होता. इतकी मोठी गोष्ट कुणी ओरडून का सांगत नाही? म्हणून मी ओरडले. आणि पत्रकाच्या शेवटी, ठळक अक्षरात, दोन ओळी टाकल्या:

लावा एकदा, विसरून सोडा!
पाला खाईल गाय नि घोडा!

घोडा तिथे का आला ते मी आता उघड सांगते. ‘सोडा’ला यमक हवं होतं. ‘जोडा’ जमेना, ‘थोडा’ मिळमिळीत वाटला. आमच्या गावात कुणाकडे घोडा नव्हता. गावात घोडाच नाही तर पत्रकात असला म्हणून काय बिघडतं, इतकाच विचार मी केला. खरं तर तेवढाही केला नाही.

माझे मोठे काका, नाना, घरची शेती बघतात. त्यांनी पत्रक चष्म्याजवळ धरून वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि म्हणाले, “गानं चांगलं शे.” पण ज्येष्ठात त्यांनीच कुठूनसं पसाभर बी आणलं. सुबाभळीचं बी कठीण कवचाचं. तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने नुसतं पडून राहतं. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, पाणी तापवलं, चुलीवरून उतरवून त्यात बी टाकलं आणि गार होईस्तोवर हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी बी फुगून हरभऱ्यासारखं मऊ झालं होतं. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बांधावर ते टोचलं. श्रावणात नानांनी एक रोप अलगद उपटून दाखवलं. मुळांवर बारीक गाठी होत्या. नखाने एक फोडली, तर आत गुलाबी. अक्का वाकून बघत राहिल्या. “डाळिंबना दाना शे का काय!” मला वाटलं, माझं पत्रकच मातीत छापून आलं.

आणि मी हे ठासून सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्याने कुणी घाईने उलटा निकाल काढू नये: झाडांनी दिलेला शब्द पाळला. खानदेशातला उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे त्याला काळ्या मातीचं दुःख ठाऊक असतं. भेगा अशा पडतात की हातातली किल्ली पडली तर गेली. पश्चिमेचा वारा वरची भुकटी उचलून नेतो. दोन वर्षांत आमच्या बांधाने तो वारा अडवला. पाला छाटून कपाशीच्या ओळींत पसरला की चार-सहा दिवसांत काळा पडायचा, कुजायचा, आणि त्याखाली माती ओलसर राहायची. बोट घातलं तर आत जायचं. गांडुळं आली. नांगरामागे बगळे येऊ लागले, जे आधी फक्त नदीकडे दिसत. युरियाच्या गोण्या नानांनी कमी आणल्या. किती ते मी मोजलं नाही. ओट्यावर रिकाम्या गोण्यांची चळत बसायला पुरेनाशी झाली एवढं खरं. रावेरकडे केळीवाले बागेभोवती शेवरीची भिंत उभी करतात ती वाऱ्यासाठी. पण तीच शेवरी मातीलाही चारते, हे तिथले जुने लोक पत्रकाशिवायच जाणत होते.

तोटे? तेही डोळ्यांसमोर होते. मी बघत नव्हते. बांधालगतच्या कपाशीच्या ओळी खुजट राहिल्या, कारण सुबाभळीची मुळं आपल्या हद्दीत राहा म्हटल्याने राहत नाहीत. दुपारनंतर सावली पिकावर. आणि दुसऱ्या वर्षी पाऊस लागायच्या आधीच झाडांवर पांढऱ्या गोंड्यांसारखी फुलं आली. नाना कोयता घेऊन छाटायला निघाले, तर अक्का आडव्या.

“फुलवर येल झाडले हत्यार लावू नका. पोटुशी बाईले कोनी मारस का?”

हा आमच्या घरचा जुना नेम. मोहोर असो वा फूल. तेव्हा झाडाला लोखंड लागत नाही. नाना थांबले. मलाही तो नेम सुंदर वाटला. शिवाय माझं पत्रक म्हणत होतंच, विसरून सोडा. सोडलं.

मग ते तिसरं वर्ष, ज्याच्यासाठी हा लेख.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली होती. चैत्र लागला होता, आखाजी महिन्यावर आली होती. ज्यांना आखाजी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया येते आणि जाते, खानदेशात आखाजी राहायला येते. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात, आमरसाचे हात दिवसभर धुऊनही चिकट राहतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष आखाजीला संपतं नि आखाजीला सुरू होतं. आणि लग्नं. गल्लीगल्लीत मांडव, बँड, वराती.

त्या दिवसांत आमच्या बांधावर शेंगा वाजत होत्या. पहिल्यांदाच. मी परीक्षेहून आलेली, डोकं मोकळं, खाटेवर पडून तो आवाज ऐकायची आणि मला तो टाळ्यांसारखा वाटायचा.

युसूफभाई तेव्हा आले. अमळनेरात त्यांची वरातीची घोडी होती, चांदणी. नावाप्रमाणे पांढरी, आणि शेपटी तर अशी की जमिनीला टेकायची. युसूफभाई आमच्याशी अहिराणी बोलत, गिऱ्हाइकांशी मराठी आणि घोडीशी हिंदी. त्यांची मुलगी नसीम माझ्या वर्गात. गवत कुठेच उरलं नव्हतं. कडबा होता, पण हिरवी काडी म्हणून नाही. आमच्या शिवारात हिरवं काय होतं? आमचा बांध.

“नाना, बांधवरना पाला कापू का? चांदणीले हिरवं काहीच नही.”

“काप ना भाऊ. आमनी पोर छापीसन बसनी, आते मी कोनले नही म्हनू?”

युसूफभाई माझ्याकडे बघून हसले. दोन वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर तो कागद मी स्वतःच त्यांच्या हातात दिला होता. नसीमने त्यांना तो वाचून दाखवला होता, आणि घोड्याचा उल्लेख असलेला कागद म्हणून त्यांनी तो चांदणीच्या दागिन्यांच्या पेटीत, घुंगरांखाली जपून ठेवला होता. माझ्या पत्रकाला त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर इतकी इज्जत कुणी दिली नाही.

रोज सकाळी ते सायकलवर दोन भारे बांधून नेत. चांदणी आवडीने खाई. दोन-तीन आठवडे गेले असतील. एके दिवशी नसीम म्हणाली, “अब्बा परेशान आहेत. चांदणीची आयाळ विंचरली की हातात येते.” त्यांना आधी नजर लागल्यासारखं वाटलं, पायात काळा दोरा बांधला. मग कीड वाटली. निंबाचं तेल चोळलं. साबण बदलला. आणि अंगात जोर राहावा म्हणून पाला वाढवला. दोनचे तीन भारे झाले.

मग शेपटी गेली. एकदम नाही. केसाकेसाने, पुंजक्यापुंजक्याने, ऐन लग्नसराईत.

आखाजीच्या आधीची एक वरात ठरलेली होती, मोठ्या घरची. शब्द दिलेला, तर युसूफभाई मागे हटणारे नव्हते. त्यांनी सगळी हकीगत अक्कांच्या कानावर घातली, तेव्हा अक्का आत गेल्या आणि ट्रंकेतून आपलं गंगावन काढून घेऊन आल्या. तरुणपणी अंबाडा भरदार दिसावा म्हणून त्या केसांत गुंफत असत ते.

“घ्या. माले आते काय करनं शे त्यानं?”

“अक्का, हाई काळं शे. चांदणी तं पांढरी.”

“मंग गोटा गुंडाळा वरतून. नवरीन्या वेणीले नही गुंडाळतस का?”

सगळे हसले. मीही. चंदेरी गोट्याच्या जरीपट्टीत गुंडाळलेलं गंगावन, उरलेल्या बोडख्या शेपटीला घट्ट बांधलेलं, वरून झूल. मी आणि नसीम मुद्दाम वरात बघायला गेलो. ऊन कलतं झालं होतं. चांदणी खरंच देखणी दिसत होती. नवरदेव बसला, बँडने सूर लावला, चांदणीने नेहमीच्या सवयीने शेपटी जोरात झटकली आणि गंगावन सुटून उडालं ते थेट ढोलवाल्याच्या खांद्यावर. तो दचकून उडाला. गल्ली हसून लोटपोट झाली. इथवर सारं ठीक होतं. इथवर युसूफभाईसुद्धा ओशाळून हसत होते.

मग वऱ्हाडातल्या एका बाईंचा आवाज आला. “बोडकी घोडी आणली शुभ कार्याला?”

हसणं थांबलं. हा शब्द आपल्याकडे कुणासाठी वापरत आले आहेत ते मी सांगायची गरज नाही. एका मुक्या जनावराचे केस गळले, तर त्यालाही लावायला आपल्याजवळ तोच एक शब्द तयार. विधवांच्या डोक्यावरून उतरवलेला वस्तरा या भाषेने टाकून दिलेला नाही, खिशातच ठेवला आहे. त्या दिवशी तो घोडीवर चालला. नवरदेवाला उतरवलं, कुणाच्या तरी गाडीच्या टपावर बसवलं. बँड पुन्हा सुरू झाला. युसूफभाईंनी गंगावन उचललं, झटकलं, खिशात ठेवलं आणि चांदणीला बाजूच्या बोळात वळवलं. तिच्या मानेवर हात ठेवून ते म्हणत होते, “चल रानी. घर चलते हैं.”

त्यानंतर त्या सराईत चांदणीला कुणी बोलावलं नाही. अशी बातमी अमळनेरात घोड्यापेक्षा वेगाने धावते.

दुसऱ्या दिवशी आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. युसूफभाई, चांदणी आणि मी. मी का गेले? खरं सांगायचं तर मला अजून संशयसुद्धा नव्हता. मी मदत करायला गेले होते. डॉक्टरांनी घोडीच्या त्वचेवरून हात फिरवला, खूर पाहिले आणि एकच प्रश्न विचारला.

“खायला काय घालता?”

“पाला, साहेब. सुबाभूयना.”

“सुबाभूळ? घोडीला?” डॉक्टर चक्क उभे राहिले. “अहो, त्या पाल्यात एक विषारी द्रव्य असतं. गाई-शेळ्यांच्या पोटात ते बरंचसं पचवणारे जिवाणू असतात, तरी त्यांनाही तो दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, बेतानेच द्यायचा. घोडा-गाढवाचं पोट वेगळं. त्यांचे केस गळतात. आधी आयाळ, मग शेपटी. कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

मी शेजारी उभी होते, हाताच्या अंतरावर. युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. चांदणीच्या कपाळावरची माशी उडवत ते म्हणाले, “छापेल व्हतं, साहेब.”

बस्स. एवढंच. मी आजवर अनेक सभांमध्ये अनेकांकडून झोडपली गेले आहे. छापेल व्हतं, हे दोन शब्द जितके लागले तितकं काही लागलं नाही.

डॉक्टरांनी पाला बंद करायला सांगितला, दुसरा चारा लिहून दिला, केस परत येतील म्हणाले. पण घोड्याचे केस म्हणजे मेथीची भाजी नव्हे, महिने लागतील. परतीच्या वाटेवर मी धीर केला.

“युसूफभाई, ते मी लिहिलं होतं.”

“माले मालूम शे. खाले तुनं नाव व्हतं. नसीमनी वाचीसन दखाडं.”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

“त्या तुले बोलता. बोलता तं तू घाबरती. मंग परत लिखशी का?” ते चालत राहिले. थोड्या वेळाने थांबून, लगाम या हातातून त्या हातात घेत म्हणाले, “आते हाई बी छाप.”

हे इतकं सोपं नव्हतं. आमच्या चौघांच्या गटात दोन दिवस भांडण झालं. एक म्हणाला, आपणच आपली चूक छापली तर खतवाले आपलेच कागद दाखवत हिंडतील. दुसरी म्हणाली, एका घोडीसाठी अख्खा विषय मातीत घालणार का? हे माझेच युक्तिवाद होते. मी ते आधीच्या दिवशी मनात म्हणून पाहिले होते आणि मला ते पटलेही होते, दवाखान्याची पायरी चढेपर्यंत. मी त्यांना एवढंच विचारलं की चांदणी जर आपल्यापैकी कुणाच्या घरची असती तर आपण काय छापलं असतं? एकाने उठून छापखान्यात कागद कोणता शिल्लक आहे ते विचारायला फोन लावला.

घरी वेगळंच पेटलं होतं. नानांनी झाडं मुळासकट काढायचं ठरवलं होतं. आखाजीला नवा सालदार लागणार, त्याचं पहिलं काम हेच.

“काय व माय, तुना कागद काय म्हने? विसरीसन सोडा. सोडं. आते नालामा जाईसन दख. सुबाभूय म्हने! कुबाभूय निंघनी.”

मी नाल्यात गेले. वाजणाऱ्या शेंगांनी तोवर बी उधळलं होतं आणि मागल्या पावसातलं बी तर उगवून गुडघाभर झालं होतं. जिथे पूर्वी बोरीची जाळी होती, पळस होता, पवन्या गवत होतं, तिथे एकसारखं हिरवं. हिरवं दिसलं की आपण भाबडे लोक खूश होतो. त्या हिरव्यात दुसरं काही नव्हतं. मातीला फुकट खाऊ घालणारं झाड ती माती आपल्याच लेकरांसाठी राखून ठेवत होतं. शेजारच्या शिवारातही रोपं पोचली होती. ज्याला मी टाळ्या समजत होते तो आवाज बी पेरण्याचा होता.

रात्रीचं जेवण लवकर आटोपून, अजून उजेड होता तेव्हाच, आम्ही ओट्यावर बसलो. नाना काढायच्या बाजूचे, मी ठेवायच्या. मी चिडून म्हणाले, चूक झाडाची नाही, फुलावर असताना छाटू दिलं नाही म्हणून शेंगा धरल्या, म्हणजे चूक अक्कांच्या नेमाची.

अक्का कुरडयांच्या चिकाचं पातेलं घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “फुलवर येल झाड तोडू नको, आसं मी सांगं व्हतं. ते फुलू दे, आसं कधी सांगं व्हतं?”

नाना माझ्याकडे बघू लागले, मी नानांकडे.

“कळी उमलानं आगोदर कापा,” अक्का म्हणाल्या. “मी कोठे आडवी येस? पन त्यानासाठे रोज जाईसन दखनं पडस. तुमले तं विसरनं व्हतं.”

जे मी ग्रंथालयात शोधलं नाही ते हे होतं. या झाडांशी शेती करायची तर कमरेइतक्या उंचीवर, वर्षातून तीन-चारदा, कळी उमलण्याआधी छाटायचं. मग शेंग नाही, बी नाही, नाल्यात पसारा नाही. पिकावर सावली नाही. आणि तोच कोवळा पाला मातीला मिळतो. हत्यार लागायचं ते फुलण्याआधी. अक्कांचा नेम मोडत नाही. उलट तो पहिल्यांदा पुरता पाळला जातो. अडचण एकच. हे काम दरवर्षी, न चुकता, कुणीतरी केलं पाहिजे. हवेतलं नत्र फुकट आहे, पण त्याची राखण फुकट नाही.

नव्या सालदाराचं पहिलं काम बदललं. दक्षिणेचा बांध, जिथून सावली आणि बी दोन्ही जास्त जात होतं, तो मोकळा केला आणि तिथे पुढच्या पावसात गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या. ते आमच्याकडे बियांचा धुमाकूळ घालत नाही. तिथेच थोडी शेवरी, आणि एक आपोआप आलेली देशी बाभूळ, जिला कुणीच कधी विचारलं नव्हतं आणि जी बिचारी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आली होती. पश्चिमेची सुबाभूळ ठेवली, छाटून. नाल्यातली रोपं आम्ही पावसात माती मऊ झाल्यावर उपटली. हाताला फोड आले. अजूनही दरवर्षी थोडी उगवतात. बी मातीत वाट बघत पडून राहतं. आपण लिहिलेलं वाक्य परत घेता येतं, पण त्यातून उगवलेलं असं सहज परत घेता येत नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, झोके अजून निंबावर होते तेव्हा, मी त्याच एसटी स्टँडवर उभी राहिले. कागद या वेळी पांढरा होता, कारण छापखान्यात तोच शिल्लक होता. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘दोन वर्षांपूर्वी आम्ही छापलं होतं की सुबाभळीचा पाला घोडा खातो. घोडा तो खातो, आणि त्याचे केस गळतात. ही चूक लिहिणारीची आहे. घोडीची नाही आणि घोडीवाल्याचीही नाही. आम्ही छापलं होतं की झाड लावून विसरा. विसरू नका.’ त्याखाली झाडांचे फायदे होते, सगळे, एकही न वगळता, आणि तितक्याच मोठ्या अक्षरात तोटे. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक, ज्यात ते नव्हतं.

पहिला कागद युसूफभाईंना दिला. नसीमने तिथेच उभ्या उभ्या वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्यामा गानं नही का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग खरं दिसस,” ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात घातली, जिथे गंगावन होतं.

काही लोकांनी तो कागद वाचून आम्हाला हसण्यावारी नेलं. काहींनी खरंच झाडं काढून टाकली. पण जे शेतकरी पहिलं पत्रक वाचून नुसते “गानं चांगलं शे” म्हणाले होते, त्यांतले काही या वेळी बी मागायला आले. ते का, हे मला पुढे कळलं. ज्या कागदात तोटा लिहिलेला असतो त्यातल्या फायद्यावर शेतकरी विश्वास ठेवतो. बैल विकणारा ‘याला काहीच खोड नाही’ म्हणाला की गिऱ्हाईक निघून जातं. ‘डावीकडे ओढतो’ म्हणाला की दात मोजायला बसतं. हे मला बाजाराने शिकवलं. आता मी नत्र धरणाऱ्या झाडांवर बोलायला जाते तेव्हा छाती पुढे काढून जाते. हा मार्ग बरोबर आहे. माती यानेच वाचेल. आणि याच मार्गावर कुठे कुठे पाय घसरतो ते मी नकाशासकट सांगते, कारण मी तिथे पडले आहे.

परवा अक्कांचा फोन आला. भिंतीमागे शेंगा खुळखुळत होत्या, मला नीट ऐकू येईना.

“काय आवाज शे व? पानी येवाले लागं का?”

“शेंगा वाजत आहेत, अक्का. सरकारी आहेत.”

“आते आपला बांधवर बारीक कळी दिसाले लागनी. कधी येस?”

मी सकाळच्या एसटीने गेले. पश्चिमेच्या बांधावर नाना आधीच लागले होते. वारा तोच, तापलेला, पण आमच्याकडे आवाज नव्हता. चैत्रात त्या बांधावर आता आवाज होत नाही. मी कोयता हातात घेतला तेव्हा खालच्या वाटेने युसूफभाई चांदणीला नदीकडे पाणी पाजायला नेत होते. तिची शेपटी पुन्हा जमिनीला टेकते. बांधाजवळ आल्यावर तिने मान वळवली, नाक फेंदारलं. पण तोंडाला बैलाला बांधतात तसलं मुसकं होतं.

“हे काय, युसूफभाई? आता तर आम्ही सगळं खरं छापतो.”

“तुना कागदवर भरोसा शे ना, बेटा,” ते म्हणाले. “मुसकं बी शे.”

नाना बांधावर बसून खोकेस्तोवर हसले. मी पहिली फांदी धरली. कळी अजून मिटलेली होती.